वेबिलात नसलेले प्रवासी : पुलगावच्या गाडीचा दीडशे वर्षांचा हिशेब

#थ्रेड #इतिहास #विदर्भ

१/ एसटीच्या वाहकाजवळ एक कागद असे. कोणत्या थांब्यापर्यंत किती तिकिटे फाडली आणि फेरीचे उत्पन्न किती झाले, याची नोंद त्यावर होई. त्याला वेबिल म्हणतात. आता तिकिटे यंत्रातून निघतात, पण हिशेबाचे तत्त्व बदललेले नाही. एखाद्या भागाची बससेवा सुधारायची ठरली की नियोजन करणारा प्रथम हाच हिशेब मागवतो. मात्र ज्या गावाला गाडीच जात नाही, त्या गावाचे वेबिल कोठून आणायचे?

२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच ओळखीचा आहे. दप्तरात ज्याची नोंद झाली त्याचा इतिहास लिहिला जातो. ज्याची झाली नाही तो जणू नव्हताच, असे मानले जाते. पुलगाव परिसराच्या वाहतुकीचा दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर आजच्या बससेवेबद्दल बरेच काही उमगते. थ्रेड थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/ आधी भूगोल. पुलगाव वर्धा नदीच्या पूर्व काठावर, वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, धामणगाव रेल्वे तालुका. ही सीमा जुनी आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तरी वऱ्हाड आणि मध्य प्रांत हे वेगळेच राहिले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर नदीचा एक काठ एका कारभारात आणि दुसरा काठ दुसऱ्या कारभारात होता. गावाचे नावच पुलावरून पडलेले. दोन प्रदेशांना सांधणारा पूल, हीच त्याची ओळख.

४/ वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले मुख्यालय पुलगावजवळच्या कवठा येथे होते, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात हलले. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. अवघ्या पाच वर्षांत या भागाचा नकाशा नव्याने मांडला गेला.

५/ त्या घाईमागे कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रज सरकारचे लक्ष वऱ्हाड व वर्धा खोऱ्याकडे वळले. आर्वीकडचा कापूस बैलबंड्यांनी पुलगावला येई, जिनात सरकी निघे, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जात आणि मालगाडी मुंबईकडे निघे. पुढे गावात कापडगिरणीही उभी राहिली. तिच्या भोंग्यावर घराघरांतील दिवस चाले.

६/ १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची अरुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली. मूर्तिजापूरच्या प्रसिद्ध ‘शकुंतले’ची ही धाकटी बहीण. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि व्यवस्थापन किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीचे. मुख्य मार्गाला कापूस पुरवणे हा तिचा हेतू. माणसेही तिने नेली; बाजारहाट झाला, सोयरिकी जुळल्या, मुले शाळेत गेली. पण मार्ग कोठून न्यायचा, हे ठरवताना मोजल्या गेल्या त्या गाठी. माणसे नंतर चढली.

७/ हा या परिसराचा पहिला हिशेब. त्यात वाईट हेतू शोधण्याची गरज नाही. कंपनीला भांडवलावर परतावा हवा होता आणि परतावा गाठींतून मिळत होता. एवढेच लक्षात ठेवावे, की जे मोजले जाते त्याच्याच सोयीने मार्ग आखले जातात. पुढची सारी गोष्ट या एका वाक्यात आहे.

८/ दुसरा हिशेब मोटारीचा. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. रस्त्यांसाठी पैसा कोठून आणायचा, हे ठरवण्यासाठी १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पेट्रोलवर अधिभार लावून तो रस्त्यांवर खर्च करावा, ही तिची शिफारस स्वीकारली गेली आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. रस्ते सुधारले तशा मोटारी वाढल्या. गाडी भरली की निघायची आणि वाटेत हात दाखवला की थांबायची, असा सगळा कारभार. आजच्या काळी-पिवळीचा हा पूर्वज.

९/ रेल्वेला ही स्पर्धा खुपू लागली. तिची चौकशी मिचेल आणि किर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी केली. १९३३ मध्ये सिमल्याला रस्ते-रेल्वे परिषद भरली. या मंथनातून १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. आता प्रवासी मोटार चालवायला परमिट हवे, आणि ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देणार. परमिट देताना लोकांची सोय, प्रवासात वाचणारा वेळ, त्या मार्गावरील चालू सेवा पुरेशी आहे का, हे पाहावे, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते.

१०/ कायद्यातील ती यादी आजही वाचण्याजोगी आहे. एखाद्या वस्तीला नव्या गाडीमुळे होणारा लाभही विचारात घ्यावा, असे तीत म्हटले होते. पण त्या मार्गावर आधीपासून गाडी चालवणारा मालक आपले म्हणणे घेऊन प्राधिकरणापुढे उभा राही. नदीकाठच्या खेड्यातील शेतमजूर बाई तेथे कशी पोहोचणार? सुनावणीची सोय होती. तेथवर जायलाच गाडी नव्हती.

११/ डिसेंबर १९४३ मध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडली, आणि तीही आपल्या शेजारी. देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्याला ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही वर्गवारी तेथे पक्की झाली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर नसावे, हे उद्दिष्ट ठरले.

१२/ या उद्दिष्टाचे मोल मोठे आहे. किती टन माल, किती उत्पन्न, हे न विचारता ‘गावापासून किती दूर’ हे माप सरकारी आराखड्यात आले. माप बदलले की नकाशा बदलतो. पण रस्ता म्हणजे गाडी नव्हे. रस्त्याचे अंतर मैलांत मोजता येते. गाडीचे अंतर तासांत मोजावे लागते. गाव रस्त्यापासून एका मैलावर असले आणि गाडी दिवसातून एकदाच येत असली, तर ते गाव शहरापासून एक दिवस दूर आहे.

१३/ आता या थ्रेडमधील मला सर्वांत आवडणारा प्रसंग. कायद्याचे विद्यार्थी ‘ग्रहणाचा सिद्धांत’ शिकतात आणि त्यासोबत भिकाजी नारायण धाकरस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९५५) हा खटला पाठ करतात. तो खटला प्रवासी मोटारींचा होता, आणि ज्या राज्याविरुद्ध होता त्या राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. पुलगाव त्याच राज्यात होते.

१४/ प्रकरण असे. मध्य प्रांत व वऱ्हाडमध्ये सी. पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस आणि प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट कंपनी अशा दोन मोटार कंपन्या होत्या. त्यांचे सुमारे ८५ टक्के भांडवल सरकारचे होते. १९४७ च्या दुरुस्ती कायद्याने प्रांतिक सरकारला खासगी परमिटे रद्द करण्याचा आणि सारी मोटार वाहतूक आपल्या हाती घेण्याचा अधिकार मिळाला. पुढे या दोन्ही कंपन्यांचे संपूर्ण भांडवल राज्याने विकत घेतले. वर्षानुवर्षे गाड्या चालवणारे पाच मालक सर्वोच्च न्यायालयात गेले.

१५/ त्यांचा युक्तिवाद असा, की संविधानाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा हा जुना कायदा २६ जानेवारी १९५० रोजी निष्प्रभ झाला. न्यायालयाने २९ सप्टेंबर १९५५ रोजी निर्णय दिला : कायदा मेला नव्हता, मूलभूत हक्काच्या छायेखाली झाकला गेला होता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला अशी मक्तेदारी चालवण्याची मुभा दिली. छाया सरली, कायदा पुन्हा सजीव झाला. मालक हरले. सरकारी बससेवेचा मार्ग मोकळा झाला.

१६/ निर्णयाचे महत्त्व वादातीत आहे. मी तो पुन्हा वाचते तेव्हा मात्र एक गोष्ट खटकते. एका बाजूला मालकांचा व्यवसायाचा हक्क, दुसऱ्या बाजूला राज्याचा अधिकार; दोघांची बाजू बारकाईने तपासली गेली. त्या गाड्यांत बसणारा प्रवासी या वादात पक्षकार नव्हता. गाडी कोणाची, याचा निकाल लागला. गाडी कोठे, किती वाजता आणि कोणासाठी, हे प्रश्न न्यायालयापुढे आलेच नाहीत. ते कोणी विचारायचे होते? आपणच.

१७/ पुढची वर्षे मालक आणि राजधानी बदलण्याची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीच्या छत्राखाली विदर्भातील सरकारी बससेवाही आली. पुलगावच्या गाडीबद्दलचा अंतिम निर्णय पूर्वी नागपुरात होई, तो आता मुंबईत होऊ लागला. लाल गाडी गावाजवळ आली; तिचा निर्णय मात्र दूर गेला.

१८/ एसटी ज्या कायद्यावर उभी आहे तो १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा. त्याचे कलम १८ सांगते, की कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि योग्य समन्वय असलेली सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम २२ सांगते, की महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावे. ‘पुरेशी सेवा’ आणि ‘व्यावसायिक तत्त्व’ या दोन बैलांना एकाच जुवाला जुंपले आहे. चढ लागला की कोणता बैल मागे राहतो, हे ग्रामीण प्रवाशाला सांगावे लागत नाही.

१९/ तरीही एसटीने जे घडवले ते लहान नव्हे. ‘रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद खेड्यांनी अनुभवले. त्यातली सर्वांत सुंदर सोय म्हणजे मुक्कामी गाडी. शेवटची फेरी गावात येई, चालक-वाहक तेथेच रात्र काढत, आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघे. गाव त्यांना पाणी देई, ओसरी देई, कधी भाकरही देई. माझी आजी घड्याळ न बघता वेळ सांगे : “आर्वीची गाडी गेली, आता चुलीवर भात ठेव.”

२०/ मुक्कामी गाडीचा खरा अर्थ असा, की दिवसाची सुरुवात गावातून होत असे. सकाळच्या शाळेला, पहिल्या पाळीला, रुग्णालयातील केसपेपरच्या रांगेला वेळेवर पोहोचता येई. हीच गाडी शहरातल्या आगारातून सकाळी निघू लागली, तर ती गावात पोहोचून परत फिरेपर्यंत दहा वाजतात. फेऱ्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच. पण दिवस कोणाचा सुरू होतो, हे बदलते. वेळापत्रकात हा फरक एका ओळीचा असतो.

२१/ आता भारमान. एकूण आसनांपैकी किती भरली, याचे हे प्रमाण. भारमान कमी म्हणून फेरी कमी होते. फेरी कमी झाली की दोन गाड्यांमधील अंतर वाढते, गाडीचा भरवसा जातो, लोक दुचाकी किंवा काळी-पिवळीकडे वळतात आणि भारमान आणखी उतरते. ज्यांच्याकडे दुचाकी नाही ते घरी राहतात. हे घरी राहणे कोणत्याही वेबिलात येत नाही. कागदावर दिसते ते एवढेच : ‘प्रतिसाद नाही.’

२२/ घरी राहणाऱ्यांत पहिली कोण असते, हेही स्पष्ट बोलावे. गावातील शाळा सातवीला किंवा दहावीला संपते. मुलगा सायकलने, मित्राच्या गाडीने, कसाही जातो. मुलीच्या बाबतीत घर विचारते : “परतीची गाडी किती वाजता?” उत्तर खात्रीचे नसेल तर शिक्षण तेथेच थांबते. शासनाने विद्यार्थिनींना मोफत पास दिला, मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी बस दिल्या, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. या योजनांचे मोल आहे. पण सवलत तिकिटाला मिळते, आणि तिकीट गाडी आली तरच निघते.

२३/ वर्तमानाकडे येऊ. परिसर वाढतो आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. आर्वी तालुक्यात विरूळला त्याचे चढ-उताराचे ठिकाण आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्ग देवळीवरून जातो आहे. पुलगावचे दारूगोळा भांडार, देवळीची औद्योगिक वसाहत, सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये यांच्याकडे रोज माणसे जातात. जुनी आर्वी रेल्वे बंद पडली, गिरणीचा भोंगा थांबला. माणसांच्या जाण्यायेण्याची दिशा आणि वेळ दोन्ही बदलल्या आहेत.

२४/ मग सुधारणा कशी आखावी? इतिहासातून चार सूचना निघतात, आणि एकीलाही महामार्गाइतका खर्च लागत नाही. पहिली : वेबिलाबाहेरचे मोजा. शाळांच्या हजेरीपटात मूल कोणत्या गावाहून येते हे असते, रुग्णालयाच्या नोंदवहीत रुग्णाचे गाव असते, पासच्या नोंदीत गाव आणि शाळा दोन्ही असतात. सातवीला होती आणि आठवीला नाही, अशी मुलगी ज्या गावांत अधिक, त्या गावाच्या गाडीची वेळ आधी तपासा. नियोजनासाठी याहून बोलके दप्तर नाही.

२५/ दुसरी : गाडीला गाडी जोडा. १९५० च्या कायद्याच्या कलम ३ मध्येच रस्ते वाहतुकीचा इतर वाहतुकीशी समन्वय अपेक्षिला आहे. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराचे वेळापत्रक लावले : गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला येतात आणि स्थानकाबाहेर पोस्टाची पिवळी बस त्याच हिशेबाने उभी असते. आपण स्वित्झर्लंड नाही, हे मान्य. पण मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरच्या स्थानकात सकाळ-संध्याकाळच्या मोजक्या गाड्यांशी बसचा मेळ घालणे, हे घड्याळाचे काम आहे, पैशाचे नव्हे.

२६/ तिसरी : नदी ही सीमा मानू नका. पुलगाव वर्धा विभागात, धामणगाव अमरावती विभागात. कागदावर दोन विभाग असले, तरी नदीकाठच्या माणसाला बाजार, दवाखाना आणि सोयरे दोन्ही काठांवर असतात. १९०३ मध्ये प्रांत एक झाले. वेळापत्रके एकत्र बसून आखायला आणखी किती काळ लागावा? चौथी : शेवटची गाडी पवित्र माना. दुपारची फेरी चुकली तर माणूस थांबतो. शेवटची फेरी रद्द झाली तर तो दुसऱ्या दिवशी निघतच नाही.

२७/ हे ठरवणार कोण? १९५० च्या कायद्यातच कलम १७ आहे. त्यानुसार राज्य शासन सल्लागार परिषदा नेमू शकते. ग्रामसभेत ठराव करता येतो. आगार व्यवस्थापकाला लेखी मागणी देता येते, आणि ती आकड्यांसह दिली तर तिला वजन येते : “आमच्या गावातील इतकी मुले अमुक शाळेत, शाळा सुटते इतक्या वाजता, गाडी आहे इतक्या वाजता.” असा एक कागद म्हणजे न झालेल्या प्रवासाचे वेबिलच.

२८/ १८६० च्या दशकात गाठी मोजल्या, १९३० च्या दशकात रेल्वेचे बुडालेले उत्पन्न मोजले, १९५० च्या दशकात मालकीचे हक्क मोजले, आता भारमान मोजतो. प्रत्येक वेळी मोजणारा प्रामाणिक होता आणि प्रत्येक वेळी तोच माणूस मोजणीबाहेर राहिला : जो थांब्यावर उभा होता, किंवा गाडी येत नाही म्हणून थांब्यावर आलाच नाही. पुलगावच्या बससेवेची सुधारणा त्याला मोजण्यापासून सुरू व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

२९/ तुमच्या गावी मुक्कामी गाडी येत असे का? ती कधी बंद झाली, आणि त्यानंतर कोणाचे काय थांबले? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा. जुना पास, जुने तिकीट जपून ठेवले असेल तर तेही सांगा. हा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही. तो आपल्याच घरात आहे.